बार्लेला जाताय? जमिनीवरची रेघ नंतर, आधी दारं बघा

बार्लेला मी पहिल्यांदा गेले तेव्हा अडीच तासात परत फिरले आणि खरं सांगायचं तर काहीच बघितलं नाही. एक पाय बेल्जियममध्ये, एक पाय नेदरलँड्समध्ये असा फोटो काढला, कॉफी प्यायले, बस आली, निघाले. परत येताना बसमध्ये शेजारच्या आजींनी विचारलं की सीमेच्या मधोमध दार असलेलं घर बघितलंस का, तर मला असं काही घर आहे हेच माहीत नव्हतं. दुसऱ्यांदा गेले ती मुद्दाम एक रात्र राहायचं ठरवून, आणि तेव्हा कुठे गाव कळायला लागलं. त्यामुळे हे सगळं सविस्तर लिहितेय, म्हणजे तुमची पहिली फेरी माझ्यासारखी वाया जायला नको.

आधी भानगड काय आहे ते समजून घ्या

हा भाग वाचायचा कंटाळा करू नका, कारण हे डोक्यात नसेल तर गावात गेल्यावर फक्त फुटपाथवरचे सीमेच्या खुणेचे पांढरे क्रॉस दिसतात, बाकी काही नाही.

बार्ले हे एकच गाव, पण त्यात दोन नगरपालिका. बार्ले-नासाऊ नेदरलँड्सची, बार्ले-हेर्टोख बेल्जियमची. गाव बेल्जियमच्या मुख्य हद्दीपासून काही किलोमीटर आत, नेदरलँड्समध्ये आहे. आता आपल्याला वाटतं की मधून एक रेघ गेली असेल, अलीकडे एक देश पलीकडे दुसरा. तसं अजिबात नाही. नेदरलँड्सच्या पोटात बेल्जियमचे २२ तुकडे पसरलेत, एखादा मोठा, एखादा जेमतेम पाव हेक्टरचा, आणि त्या बेल्जियन तुकड्यांच्या पोटात परत नेदरलँड्सचे ७ तुकडे. म्हणजे तुम्ही नेदरलँड्समध्ये आहात, चार पावलं टाकून बेल्जियममध्ये शिरलात, अजून थोडं चाललात की परत नेदरलँड्स, आणि तो नेदरलँड्स चारी बाजूंनी बेल्जियमने वेढलेला.

हे झालं कसं? ११९८ साली ब्राबांटचा ड्यूक हेन्ड्रिक आणि ब्रेडाचा सरदार खोडफ्रीड यांच्यात जमिनीचा व्यवहार झाला. ड्यूकने बार्लेच्या आसपासची जमीन सरदाराला दिली, पण ज्या जमिनींवर आधीच कुळं बसलेली होती आणि उत्पन्न येत होतं त्या स्वतःकडे ठेवल्या. हुशार माणूस. ‘हेर्टोख’ म्हणजेच ड्यूक, आणि ब्रेडाची जहागीर पुढे लग्नसंबंधातून नासाऊ घराण्याकडे गेली म्हणून दुसरं नाव नासाऊ. म्हणजे गावाच्या दोन्ही नावांत अजून जुने जमीनमालकच बसलेत बघा.

पुढे स्पेन आणि डचांमधल्या १६४८ च्या तहानंतर दोन्ही मालकांच्या जमिनी दोन वेगळ्या राज्यांत गेल्या, मग १८३० मध्ये बेल्जियम स्वतंत्र झाला आणि सीमा आखायची वेळ आली. सीमा आयोगाची माणसं खांब रोवत रोवत इथपर्यंत आली आणि हात टेकले. २१४ आणि २१५ नंबरच्या खांबांच्या मधे सीमारेषाच आखली नाही, त्याऐवजी १८४३ च्या करारात ५,७३२ जमिनीच्या तुकड्यांची यादी करून प्रत्येकापुढे देश लिहून टाकला. आपल्याकडे बांधावरून भावाभावांत काय होतं ते माहीत असेल तर कल्पना करा, इथे प्रत्येक गट नंबरचा सातबारा दोनपैकी एका देशाकडे. यातल्याच ९१ आणि ९२ नंबरच्या दोन तुकड्यांचं भांडण थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं आणि १९५९ मध्ये १० विरुद्ध ४ मतांनी निकाल बेल्जियमच्या बाजूने लागला. सगळी मोजणी होऊन हद्द पक्की व्हायला १९९५ उजाडलं.

आपल्याला हा प्रकार तसा परका नाही म्हणा, कूचबिहारला भारत-बांगलादेशच्या सीमेवर असेच भारताचे १११ आणि बांगलादेशचे ५१ तुकडे होते, ते २०१५ मध्ये अदलाबदल करून संपवले. तिथे लोकांचे अतोनात हाल झाले, ना वीज ना शाळा ना कागदपत्रं. बार्लेत तेच नकाशाचं कोडं आहे पण लोक त्याच्यावर दुकानं चालवतात. फरक नकाशात नाही, दोन्ही देशांना एकमेकांशी बोलायची सवय आहे यात आहे, आणि तीच सवय गावात जागोजागी दिसते.

व्हिसा आणि कागद

दोन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, त्यामुळे एकच शेंगेन व्हिसा पुरतो आणि गावात रस्ता ओलांडला म्हणून कुठे शिक्का लागत नाही. सिंगल एंट्री व्हिसा असला तरी चालतो, नेदरलँड्समधून बेल्जियममध्ये जाणं म्हणजे शेंगेनच्या बाहेर जाणं नाही, हा प्रश्न मला निदान तीन जणांनी विचारलाय म्हणून लिहिलं. फी मोठ्या माणसांसाठी ९० युरो, जून २०२४ पासून. प्रवास विमा किमान ३०,००० युरो कव्हरचा लागतो.

अर्ज कुठल्या देशाकडे करायचा, तर ट्रिपमध्ये जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे, आणि रात्री समसमान असतील तर जिथून आधी शिरणार तिथे. आता गंमत अशी की बार्लेतली रात्र कुठल्या देशात मोजायची? हॉटेलचा पोस्टकोड बघा, २३८७ असेल तर बेल्जियम, ५१११ ने सुरू होत असेल तर नेदरलँड्स. एकूण प्लॅनमध्ये एका रात्रीने क्वचितच फरक पडतो, पण प्रवासाचा तक्ता भरताना चुकीचा देश लिहिला तर उगाच शंका काढतात.

पासपोर्ट मात्र जवळ ठेवा, हॉटेलच्या लॉकरमध्ये नको. गावात कोणी विचारत नाही, पण नेदरलँड्सने डिसेंबर २०२४ मध्ये जमिनीवरच्या सीमांवर अधूनमधून तपासणी परत सुरू केली, त्यामुळे गावाकडे येता-जाता रस्त्यात गाडी थांबवू शकतात. फोटोकॉपीवर भागेल अशी आशा ठेवू नका.

कधी जायचं

एप्रिल ते सप्टेंबर, दिवस मोठा असतो आणि सायकल चालवता येते. हिवाळ्यात चार-साडेचारला अंधार पडायला लागतो आणि ह्या गावातली सगळी मजा बारीक गोष्टी डोळ्यांनी टिपण्यात आहे, अंधारात काय टिपणार.

वार कुठला? लोक सांगतात रविवारी जा कारण दुकानं उघडी असतात. खरंय, रविवारची दुकानं ही बार्लेची जुनी ओळख, एका देशात रविवारी दुकान बंद ठेवायचा नियम असायचा तेव्हा दुसऱ्या देशाच्या हद्दीतली दुकानं जोरात चालायची. पण रविवारी गाड्यांची आणि मोटरसायकलवाल्यांची एवढी गर्दी होते की रस्त्याच्या मधे उभं राहून खाली बघणं अवघड. माझ्या मते मंगळवार ते शुक्रवार यातला कुठलाही दिवस. डिसेंबरचा शेवटचा आठवडा शक्यतो टाळा, का ते पुढे फटाक्यांच्या भागात येईलच.

पोहोचायचं कसं

गावात रेल्वे नाही. होती एकेकाळी, १८६७ मध्ये सुरू झालेली टिलबर्ग ते टर्नहाउट लाइन, तिच्यावरच्या प्रवासी गाड्या १९३४ मध्येच बंद पडल्या. आता त्या रुळांच्या जागी सायकल ट्रॅक आहे, त्याला ‘बेल्स लाइन्चे’ म्हणतात.

तर पर्याय तीन. पहिला आणि सोपा, ब्रेडा. अॅमस्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळावरून किंवा रॉटरडॅमहून ट्रेनने ब्रेडा, स्टेशनच्या बाहेरच बस स्टँड, तिथून बार्ले-नासाऊची बस, अर्धा-पाऊण तास. दुसरा, टिलबर्गहून बस, साधारण तेवढंच अंतर. तिसरा, बेल्जियमकडून येत असाल तर अँटवर्पहून ट्रेनने टर्नहाउट आणि तिथून बस. मी जाताना ब्रेडाकडून आणि येताना टर्नहाउटकडून असं केलं, तसं करा, कारण मग दोन्ही देशांच्या बस कंपन्या आणि दोन्हीकडची शेतं बघून होतात.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, माझे पैसे गेलेत म्हणून सांगते. नेदरलँड्समध्ये ट्रेन असो की बस, काँटॅक्टलेस कार्ड चढताना टॅप करायचं आणि उतरतानाही टॅप करायचं, उतरताना विसरलात की प्रवास कितीही छोटा असला तरी जास्तीचे पैसे कापले जातात. बेल्जियमच्या ह्या भागातल्या बसमध्ये फक्त चढतानाच टॅप. मी नेमकं उलटं केलं, डच बसमधून न टॅप करता उतरले आणि बेल्जियन बसमध्ये उतरताना मशीनपुढे कार्ड नाचवत बसले, मागे लाइन लागली. आणि जे कार्ड किंवा फोन चढताना वापरलाय तोच उतरताना वापरा, फोनमध्ये तेच कार्ड असलं तरी मशीनला ते वेगळं वाटतं.

गाडी भाड्याने घेऊन येणार असाल तर वस्तीबाहेरच्या रस्त्यांवर वेगमर्यादा बघा. बोर्ड नसेल तर बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात ताशी ७०, नेदरलँड्समध्ये ८०. टर्नहाउटहून येताना एकाच सरळ रस्त्यावर ही मर्यादा बदलते आणि तुम्हाला कळतही नाही. पेट्रोल बहुतेक वेळा बेल्जियमच्या हद्दीत स्वस्त पडतं, त्यामुळे गावाच्या मानाने पंप जरा जास्तच दिसतील.

पहिला तास: गाव वाचायला शिका

बसमधून उतरलात की गावाच्या मध्यावर सिंगेल नावाची जागा आहे, कॅफे, झाडं, बाक, तिथे या. टुरिस्ट ऑफिस इथेच आहे, त्याला व्हीव्हीव्ही म्हणतात, आत जाऊन तुकड्यांचा नकाशा घ्या. फोनवरचा मॅप आहे की, असं म्हणू नका. फोनवर सीमारेषा दिसते खरी पण तुमचा निळा ठिपका चार-पाच मीटर इकडेतिकडे नाचत असतो, आणि इथे चार-पाच मीटरमध्ये देश बदलतो.

नकाशा हातात आला की लगेच चालत सुटू नका. वीसेक मिनिटं एका ठिकाणी बसून ह्या खुणा ओळखायला शिका, कारण पुढचा सगळा दिवस ह्याच्यावर आहे.

सगळ्यात ढोबळ खूण म्हणजे जमिनीवरचे पांढरे क्रॉस, एका बाजूला एनएल आणि दुसऱ्या बाजूला बी. डांबरी रस्त्यावर त्याच रेषेत धातूच्या गोल चकत्या ठोकलेल्या असतात. हे सगळेच बघतात.

त्यापेक्षा भारी म्हणजे घरांचे नंबर. नंबरच्या पाटीवर त्या त्या देशाच्या झेंड्याचे रंग असतात, दोन्ही देशांच्या पाट्यांचा आकारही वेगळा. आणि नंबर एकसलग नसतात, कारण दोन्ही नगरपालिका एकाच रस्त्यावर आपापली मोजणी करतात. पोस्टमन नवीन असेल तर त्याचं काय होत असेल देव जाणे. मग गाड्यांच्या नंबरप्लेटी बघा, पिवळी असेल तर डच, पांढऱ्यावर लाल अक्षरं असतील तर बेल्जियन. फुटपाथच्या विटा, दिव्याचे खांब, रस्त्यावरचे बोर्ड, टपालपेट्या, सगळ्यात थोडा थोडा फरक असतो, कुठे फुटपाथ अचानक वेगळ्या फरशीचा झाला की समजायचं नगरपालिका बदलली.

हा खेळ एकदा जमला ना, की क्रॉस न बघता तुम्ही सांगू शकता की आपण कुठल्या देशात आहोत. माझी मैत्रीण तासाभरात इतकी तयार झाली की मी क्रॉस शोधेपर्यंत ती नुसत्या पाट्या बघून ‘बेल्जियम’ म्हणून मोकळी.

आता दारं

गावातला सगळ्यात महत्त्वाचा नियम हा: घराच्या मधून सीमा जात असेल तर घराचं पुढचं दार ज्या देशात उघडतं तो त्या घराचा देश. डचमध्ये ‘व्होरडूररेखेल’, म्हणजे सरळ ‘पुढच्या दाराचा नियम’. मग भले स्वयंपाकघर, बेडरूम, परसदार दुसऱ्या देशात असो, तुमचा पत्ता दाराच्या देशातला. म्हणून म्हणते, जमिनीवरची रेघ बघून पुढे जाऊ नका, रेघ भिंतीत शिरते तिथे थांबा आणि दार कुठे आहे ते शोधा. हाच बार्ले बघायचा योग्य मार्ग.

यातलं सगळ्यात प्रसिद्ध दार लोव्हेरेन नावाच्या रस्त्यावर आहे, बसमधल्या आजी म्हणत होत्या तेच. मॅपवर ‘लोव्हेरेन’ टाका, सिंगेलपासून आरामात चालत जाता येतं. इथे सीमा नेमकी दाराच्या मधून जाते, मग काय करणार, घराला दोन नंबर, एका बाजूला बेल्जियमचा २ आणि दुसऱ्या बाजूला नेदरलँड्सचा १९, दोन झेंडे, मधे बेल. आत माणसं राहतात हे विसरू नका. रस्त्याच्या पलीकडून फोटो काढा, बेल वाजवून बघू नका, असं करणारे लोक मी डोळ्यांनी बघितलेत आणि मला त्यांची लाज वाटली.

गावात एक गोष्ट सांगतात की १९९५ च्या सुमाराला मोजणी पक्की झाली तेव्हा एका म्हाताऱ्या बाईचं दार दुसऱ्या देशात निघालं, तिला आपलं बेल्जियन असणं सोडायचं नव्हतं, तर तिने खिडकीच्या जागी दार आणि दाराच्या जागी खिडकी बसवून घेतली आणि विषय संपवला. गोष्ट सांगणारे थोडं तिखटमीठ लावतात, पण गावात फिरताना जुन्या घरांच्या भिंती बघा, विटांच्या रंगावरून कुठे जुनं दार बुजवलंय असं वाटलं की ती गोष्ट आपोआप आठवते.

दार एकाच देशात असलं तरी इमारत दोन देशांत असते, म्हणून बांधकाम परवानगीचं वगैरे दोन्हीकडे बघावं लागतं. २०२० मध्ये कोविडच्या वेळी तर कहर झाला, बेल्जियमने दुकानं बंद केली, नेदरलँड्सने इतके कडक नियम केले नव्हते, आणि ज्या कपड्यांच्या दुकानाच्या मधून सीमा जाते तिथे बेल्जियन अर्धा भाग पट्टी लावून बंद आणि डच अर्धा चालू.

पूर्वी कॅफेंचंही असंच, डच बाजूला लवकर बंद करावं लागायचं म्हणून वेळ झाली की गिऱ्हाइकं आपापला ग्लास उचलून बेल्जियन बाजूच्या टेबलांवर जाऊन बसायची. अजूनही काही कॅफेंच्या बाहेरच्या टेबलांमधून क्रॉस जातात, तुम्ही एका देशात आणि समोरचा दुसऱ्या देशात असं बसून कॉफी प्यायची असेल तर अशी जागा धरा, मिळायला दहा मिनिटं थांबावं लागलं तरी चालेल.

दोन-दोन गोष्टी मोजत फिरा

दुपारी हे करा. दोन महापौर, दोन नगरपालिका, दोन चर्च, दोन अग्निशमन दलं, दोन पोलिस दलं. सेंट रेमिगियस चर्च बेल्जियन बाजूला, ते आधी बघा. बार्ले-हेर्टोखच्या नगरपालिकेच्या इमारतीतूनच सीमा जाते. आणि काही गोष्टी मात्र एकत्र, पोलिस एका छताखाली बसतात, लायब्ररी आणि सांस्कृतिक केंद्र दोन्हीकडच्यांचं एकच. कुठल्या गोष्टी दोन-दोन ठेवल्या आणि कुठल्या एक केल्या हे बघत फिरलं की दोन्ही देश नेमके कशावर हटून बसलेत आणि कशावर नाही ते कळतं.

पहिल्या महायुद्धाचा किस्साही इथलाच. जर्मनीने १९१४ मध्ये जवळजवळ सगळा बेल्जियम घेतला, पण हे तुकडे घ्यायचे तर तटस्थ असलेल्या नेदरलँड्समधून सैन्य न्यावं लागलं असतं, म्हणून बार्ले-हेर्टोखचे तुकडे मोकळे राहिले. बेल्जियनांनी १९१५ मध्ये तिथे चक्क वायरलेस स्टेशन उभं केलं. त्याच वर्षी जर्मनांनी मुख्य सीमेवर २,००० व्होल्टची विजेची तार लावली, तिला लोक ‘मृत्यूची तार’ म्हणायचे, बरेच लोक आणि जनावरं तिला चिकटून मेली. आज त्याच सीमेवरून आपण आइस्क्रीम खात चालतो.

सायकल घ्याच

वेळ असेल तर अर्धा दिवस सायकलसाठी ठेवा, गावात भाड्याने मिळते. बरेचसे तुकडे गावात नाहीत, बाहेर शेतात आहेत, आणि तिथे ना क्रॉस ना दुकान, मक्याचं शेत बेल्जियम आणि शेजारचं गवत नेदरलँड्स, गाई मात्र दोन्हीकडे सारख्याच. दोन्ही देशांत सायकल रस्त्यांच्या चौकांना नंबर दिलेले असतात, ‘क्नोपपुंटेन’ म्हणतात, आपल्याला हवे ते चार-पाच नंबर कागदावर लिहून घ्यायचे आणि त्या नंबरांच्या पाट्यांमागे जायचं, मॅप काढायचीही गरज नाही. सीमा आली तरी पाट्या चालूच राहतात.

पाय घट्ट असतील तर बेल्स लाइन्चेवरून टर्नहाउटपर्यंत जा, किंवा दुसऱ्या टोकाला टिलबर्गपर्यंत. पूर्ण ट्रॅक ३० किलोमीटरच्या आसपास आहे आणि रेल्वेची जागा असल्यामुळे चढउतार जवळजवळ नाही. सायकल उजव्या बाजूने चालवायची, आणि मागून घंटी ऐकू आली की आपण सरळ रेषेत राहायचं, दचकून डावीकडे वळायचं नाही, आपली डावीकडे वळायची सवय इथे घात करते.

नकाशाची फारच आवड असेल तर अजून एक गोष्ट, बेल्जियमचे दोन तुकडे एके ठिकाणी फक्त एका बिंदूला चिकटतात, म्हणजे चार कोपरे एका टिंबावर. प्रत्यक्षात तिथे बघायला काही नाही, मला स्वतःला त्यापेक्षा दारं जास्त आवडली.

खाणं, पिणं आणि कायदा कुठला

खाणं सोपं आहे, फ्राइज, पॅनकेक, सूप, चीज सँडविच. पण शाकाहारी असाल तर हे वाचा: बेल्जियन पद्धतीचे फ्राइज बऱ्याच जागी बैलाच्या चरबीत तळतात. बटाटाच तर आहे म्हणून घेऊ नका, आधी विचारा, ‘प्लांटार्दिखे ओली?’ म्हणजे वनस्पती तेल का. हो म्हणाले तर खुशाल खा. साधं पाणी हवं तर डच बाजूला ‘क्रानवॉटर’ मागा, बऱ्याचदा नळाचं पाणी फुकट देतात, बेल्जियन बाजूला बहुधा बाटलीच घ्यावी लागते.

चलन दोन्हीकडे युरो, भाषा दोन्हीकडे डच, इंग्लिशवर काम भागतं. १ जानेवारी २००२ ला युरोच्या नोटा आल्या त्याआधी दुकानदार डच गुल्डन आणि बेल्जियन फ्रँक दोन्ही गल्ल्यात ठेवायचे.

कायद्याचं मात्र बघून. बिअर आणि वाइन बेल्जियममध्ये १६ व्या वर्षी मिळते, नेदरलँड्समध्ये कुठलीही दारू १८ शिवाय नाही, म्हणून एकाच रस्त्यावरच्या दोन कॅफेंमध्ये मुलांना वेगवेगळं उत्तर मिळतं. तुमच्यासोबत कॉलेजातला भाचा-पुतण्या असेल तर हे आधी सांगून ठेवा. नेदरलँड्समध्ये गांजाबद्दल जी ढिलाई आहे ती बेल्जियमला लागू नाही, कोणाकडे असेल तर ह्या गावात रस्ता ओलांडणं म्हणजे दुसऱ्या देशात अंमली पदार्थ नेणं, गंमत म्हणूनही करू नका.

फटाक्यांची दुकानं दिसतील, बेल्जियन हद्दीत, वर्षभर उघडी. नेदरलँड्सने फटाके विक्री डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांपुरतीच ठेवली होती आणि नियम अजून कडक होत चाललेत, त्यामुळे वर्षअखेरीला डच लोक इथे रांगा लावतात आणि पोलिसही वाट अडवून बसतात. दुकानातून बाहेर पडल्यावर कुठल्याही दिशेला गेलात तरी शेवटी नेदरलँड्स लागणारच, तेव्हा पर्यटकाने त्या फंदात पडू नये.

अडचण आली तर ११२, दोन्ही देशांत तोच नंबर. फक्त फोनवर आपण कुठल्या बाजूला आहोत ते जवळच्या घराच्या पाटीवरून सांगा, इथे पाट्या वाचायचा सराव उपयोगी पडतो.

राहायचं असेल तर

राहाच, एक रात्र. दिवसाचे लोक संध्याकाळी निघून जातात आणि मग खिडक्यांत दिवे लागतात, गावातलीच माणसं कुत्र्यांना फिरवत एका देशातून दुसऱ्यात ये-जा करत असतात, कोणी खाली बघतही नाही. हॉटेलं आणि बेड अँड ब्रेकफास्ट मोजकेच आहेत, उन्हाळ्यात आधी बुक करा.

प्लगचं एक आहे. बेल्जियमच्या सॉकेटमधून अर्थिंगची पिन बाहेर आलेली असते, डच सॉकेटला बाजूला क्लिपा असतात. आपला तीन पिनांचा प्लग दोन्हीत जात नाही. दोन गोल पिनांचा चपटा युरोपियन अॅडॉप्टर दोन्हीत जातो, तोच न्या. सिम किंवा ई-सिम पूर्ण युरोपचं घ्या, फक्त एका देशाचं नको, फोन इथे खोलीच्या एका कोपऱ्यात डच नेटवर्क पकडतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात बेल्जियन, आणि ‘वेलकम टू’ चे मेसेज इतके येतात की शेवटी मी आवाज बंद केला.

परत निघताना

संध्याकाळच्या बस कमी होतात, रविवारी तर फारच कमी, म्हणून सकाळी उतरल्या उतरल्या थांब्यावरच्या परतीच्या वेळेचा फोटो काढून ठेवा. आणि कुठल्या थांब्यावरून कुठली बस ते नक्की करा, ब्रेडाची आणि टर्नहाउटची बस वेगवेगळ्या कंपन्यांच्या आहेत, एका ॲपमध्ये दोन्ही दिसतीलच असं नाही. मी टर्नहाउटच्या बससाठी चुकीच्या बाजूच्या थांब्यावर वीस मिनिटं उभी होते, बस समोरून निघून गेली, पुढची तासाभराने. तो तास मी परत लोव्हेरेनला जाऊन त्या घरासमोरून एक चक्कर मारली. दार उघडलं, एक माणूस कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर आला, आणि ती कुठल्या देशाच्या बाजूला ठेवतो ते बघायला मी थांबणार होते, पण बस परत चुकली असती.